खंडेनवमीची साफसफाई

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा मनापासून होते. तो शिकून घेण्यात मात्र कोणी तेवढं मन घातलेलं नाही. राजापेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची संस्था आहे. काम पाण्याचं. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत जायचं, विहिरी आणि हातपंप तपासायचे, पाणी किती खारट आहे ते मोजायचं आणि देणगी देणाऱ्यांपुढे मांडायचं. माझ्या खुर्चीमागे ‘डेटा विभाग’ अशी पाटी आहे. विभागात मी एकटीच आहे.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. ऑफिसात हे सगळं आम्ही ‘समस्या’ या एका शब्दात बसवतो आणि त्यावर चहा पितो. अमरावतीचा चहा फाटत नाही, त्यामुळे चर्चा चांगली होते.

माझी सख्खी मावशी त्याच पट्ट्यात दिलेली आहे. तिची सून नांदगाव खंडेश्वरकडची, गोड्या पाण्याची. बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, आणि तिने तिकडूनच निरोप धाडला की गावात गोड्या पाण्याचं यंत्र बसलं की येते, तोवर लेकीला त्या पाण्यावर वाढवणार नाही. भांडण नाही, रुसवा नाही, सरळ अट. मावशीने नात बारशाला पाहिली, त्यानंतर फक्त फोनच्या पडद्यावर. आमची संस्था सगळ्यात खारट गावांमध्ये यंत्रं बसवणार होती. कोणती गावं, ते दिवाळीनंतर अकोल्याच्या बैठकीत ठरायचं होतं. त्यामुळे मावशीचा फोन आला की पहिलं वाक्य तेच असायचं, "आमचं गाव लागन का वं?"

लागेल, असं मी म्हणायचे, आणि ते उगाच नव्हतं. तिच्या विहिरीचा आकडा मी स्वतः मोजला होता.

आमच्या साहेबांना निवृत्तीनंतर समाजसेवेची हुक्की आली. आधी ते पूल बांधणाऱ्या खात्यात होते. तिथे त्यांनी काय बांधलं ते कोणी सांगत नाही. इथे आल्यावर त्यांनी पहिला हुकूम काढला तो कागद बंद करण्याचा. डिजिटल म्हणजे डिजिटल. कागदावर आकडा लिहिलेला दिसला की ते असं तोंड करत, जणू मी ऑफिसात तंबाखू थुंकले. मग त्यांनी पुण्याच्या पोरांकडून एक डॅशबोर्ड करून घेतला. डॅशबोर्ड म्हणजे पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, प्रत्येक गावाला रंग. खारट ते लाल, गोडं ते हिरवं, आणि जिथे अजून मोजलं नाही ते पांढरं. बाजूला खांब, चकत्या आणि हलणाऱ्या रेघा, ज्यांचा कोणाला काही उपयोग नव्हता, पण साहेबांना त्यांच्यावाचून चैन पडत नसे.

हा डॅशबोर्ड कुठल्या दूरच्या सर्व्हरवर नव्हता, आमच्याच एका लॅपटॉपवर चालायचा. त्यात शहाणपणही होतं, कारण खारपाणातल्या अर्ध्या गावांत मोबाइलला रेंज येत नाही. पुण्याच्या पोरांनी तो कंटेनरमध्ये भरून दिला होता. कंटेनर म्हणजे प्रवासाचा डबा. भाकरी, पिठलं, कांदा, मीठ, सगळं आत. कुठेही उघडा, तेच जेवण. लॅपटॉपवर सुरू केला की डॅशबोर्ड आहे तसा उभा राहतो, नेट असो वा नसो. पण डबा खाऊन झाला की घासून ठेवायचा असतो. म्हणून जपायची माहिती डब्यात ठेवत नाहीत, तिला त्याच लॅपटॉपवर बाजूला वेगळी जागा करून देतात. आमचे सगळे आकडे त्या जागेत होते.

मी साहेबांना म्हटलं होतं की या आकड्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवू. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, प्रत झाली की माहिती फुटते. आपला डेटा आपल्या घरात."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते छापून भिंतीवर लावलं. कागदावर.

उन्हाळाभर मी आणि आमची एक सहकारी त्या गावांमधून फिरलो. ती नवी लागलेली मुलगी, माझ्याहून बरीच लहान आणि माझ्याहून बरीच समजूतदार. विहिरीतून बादली काढायची, मीटर बुडवायचा, आकडा जीपमध्ये बसून थेट लॅपटॉपमध्ये भरायचा. डोक्यावर ऊन इतकं की लॅपटॉपचा पडदा दिसायचा नाही, मग ओढणीखाली डोकं घालून टाइप करायचं. एकेक गाव पांढऱ्याचं लाल होत जायचं. साहेब अमरावतीहून फोन करून विचारायचे की नकाशा अजून एवढा पांढरा का. पांढरा रंग त्यांना आमच्या आळसाचा वाटायचा. एकदा त्यांनी सुचवलं की लालऐवजी केशरी घ्या, लाल फार निगेटिव्ह दिसतो.

उन्हाळ्यातच मोजायचं, कारण तेव्हा पाणी खाली जातं आणि खारटपणा खरा कळतो. पावसाळा झाला की वरचं पाणी विहिरीत उतरतं आणि खारट विहीरही काही महिने बरी वागते. हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, कारण आमच्याच पत्रकात ते ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. पत्रक साहेबांनीच लिहिलं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करून, पुसून, टेबलावर मांडतात. लॅपटॉप, प्रिंटर, मीटर, इन्व्हर्टर, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजा साहेब करतात आणि रांगोळी डेटा विभागाकडे असते. मी दारात रांगोळी काढत होते. आत साहेब नव्या झब्ब्यात लॅपटॉपपुढे बसले होते. त्यांचं म्हणणं, पूजेआधी मशीन बाहेरून साफ केलं तसं आतूनही केलं पाहिजे. आतून साफ करण्याचा एक व्हिडिओ त्यांनी सकाळीच पाहिला होता. त्यात एका माणसाने एक ओळ टाइप करून दाखवली होती, की जे कंटेनर बंद आहेत आणि ज्या जागा कोणी वापरत नाही, ते सगळं एका फटक्यात निघून जातं. चालू कंटेनरच्या जागेला ती ओळ हात लावत नाही. पण पूजेसाठी आमचा कंटेनर बंद केलेला होता, साहेबांनी लॅपटॉप तेवढा साफसफाईपुरता उघडला होता. एरवी डॅशबोर्ड दिवसभर चालू असतो. वर्षातून एका दिवशी तो पूर्ण बंद असतो, आणि साहेबांनी नेमका तोच मुहूर्त धरला.

मशीनने विचारलं, नक्की काढू का. साहेबांनी हो म्हटलं. मशीनने सांगितलं, अमुक इतकी जागा मोकळी झाली. ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रांगोळीतला दिवा भरत होते, मला वाटलं नारळ फुटला.

दसऱ्यानंतर मी डॅशबोर्ड सुरू केला. तो नेटवरून स्वतःला नव्याने उतरवून घ्यायला लागला, तिथेच मला शंका आली. मग नकाशा उघडला. नकाशात एकही पांढरं गाव नव्हतं. जिथे आम्ही गेलोच नव्हतो त्या गावांनाही रंग आले होते. खांब भरलेले, चकत्या भरलेल्या, रेघा मजेत हलत होत्या. मी मावशीचं गाव शोधलं. ते हिरवं होतं.

पुण्याला फोन लावला. तिकडचा मुलगा अगदी प्रसन्न होता.

"मॅम, जागा रिकामी सापडली की तो नमुन्याचा डेटा भरतो. गावांची नावं खरी आहेत, आकडे रँडम. डेमोला छान दिसतं ना?"

छान दिसतं, असं म्हणून मी फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार? आमचे आकडे गेले होते. कुठेच नव्हते. साहेबांच्या घरातला डेटा साहेबांनी घरातच पुसून टाकला होता.

साहेबांना बोलावून दाखवलं. ते चष्मा लावून पडद्यावर वाकले. मला वाटलं, आता तरी घाम फुटेल.

"अरे वा," ते म्हणाले, "पुरा भरला की नकाशा!"

मी समजावलं. हे आकडे कोणीही मोजलेले नाहीत, मशीनने मनाने घातले आहेत. तुम्ही साफसफाई केली त्यात खरे गेले. त्यांना पहिल्यांदा राग आला तो साफसफाईला नावं ठेवल्याचा.

"मॅडम, चालू पंखा कोनी पुसते का? बंद करूनच पुसा लागते ना?"

पंख्याच्या बाबतीत ते बरोबर होते. मग त्यांनी तोडगा काढला, की बैठकीला अजून वेळ आहे, पुन्हा मोजून घ्या. मी म्हटलं, साहेब, पाऊस होऊन गेला आहे. आता मोजलं तर खारट गावंही गोडी दिसतील.

"मंग चांगलंच आहे ना," ते म्हणाले. "लोकायचा प्रॉब्लेम कमी झाला."

माणूस विनोद करतो आहे की नाही, हे साहेबांच्या बाबतीत मला कधीच कळलेलं नाही. त्या दिवशी ते विनोद करत नव्हते. शेवटी त्यांनी मला जवळ बसवून समजुतीच्या सुरात सांगितलं की पाहुणे येणार, हॉल ठरला, बैठक पुढे ढकलली तर यंत्रंच हातची जातील. काही गावांना तर मिळतील. आणि मशीनने घातलेले आकडे अगदीच चुकीचे कशावरून?

सहकारी मुलगी मला म्हणाली, "ताई, तुमी बैठकीत बोलाच. मले काढून टाकतील, तुमाले नाई काढत." ते खरं होतं. मला काढलं तर रांगोळी कोण काढणार?

अकोल्याच्या बैठकीला देणगीदार कंपनीचे पाहुणे आले होते. सगळे एकाच कापडाचं जॅकेट घातलेले, सगळ्यांच्या तोंडी ‘इम्पॅक्ट’. हॉलचं नेट चालत नव्हतं, तर साहेब म्हणाले, काळजी नाही, आमचं सगळं लोकल आहे. लॅपटॉप उघडला, कंटेनर उठला, नकाशा भिंतीवर पडला. पाहुण्यांनी मान डोलावली. जिल्हाभर एकही पांढरा ठिपका नाही, असं काम त्यांनी दुसऱ्या कुठे पाहिलं नव्हतं. कसं पाहतील? खरं मोजणाऱ्याच्या नकाशात पांढरं राहतंच. हे मी एरवी कोणाला सांगितलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या.

साहेबांनी सगळ्यात खारट गावांची यादी वाचली. पहिलं नाव आलं ते कालव्याचं पाणी पिणाऱ्या एका गावाचं, जिथल्या संत्र्यांना लोक नावाजतात. मी उभी राहिले. हे आकडे खरे नाहीत, नमुन्याचे आहेत, खरे पुसले गेले, असं स्वच्छ सांगितलं. आवाज चढला असेल. चढलाच.

एक पाहुणा सभ्य होता. त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः मोजलं होतंत ना? मग खरे आकडे तुम्हाला आठवत असतील. सांगा ना चार-पाच गावांचे."

मी तोंड उघडलं. मला एकच आकडा आठवत होता. तो मी मावशीला फोनवर कितीदा सांगितला होता, तिला काही कळत नसताना. बाकी विहिरी, बाकी बादल्या, पाणी भरणाऱ्यांची तोंडं, सगळं डोळ्यांपुढे होतं, पण आकडे नव्हते. ते ठेवायलाच तर लॅपटॉप होता. मी तो एक आकडा सांगितला आणि गावाचं नाव सांगितलं.

साहेब हसले. अगदी प्रेमाने हसले.

"त्या गावात मॅडमच्या सख्ख्या मावशी राहतात," ते पाहुण्यांना म्हणाले. "आमची मॅडम थोडी भावनिक आहे. पण काम चांगलं करते."

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं, घरगुती होतं. मी खाली बसले. त्या हॉलमध्ये त्या क्षणी मावशीच्या गावाचा खरा आकडा ही एका भाचीची माया झाली, आणि पुण्याच्या मशीनने फासे टाकून काढलेला आकडा हा पुरावा झाला. मी बाकीच्या गावांसाठीही बोलत होते, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण एकाही दुसऱ्या गावाचा आकडा मला येत नव्हता.

यादी मंजूर झाली. मावशीचं गाव त्यात नव्हतं. जेवणात पुरणपोळी होती. मी जेवले नाही, लॅपटॉपची पिशवी सहकारी मुलीकडे दिली आणि स्टँडवर जाऊन मावशीच्या गावाची एसटी धरली.

मावशी ओट्यावर हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. आत वाशाला पाळणा टांगलेला, नवीन दोर लावलेला. तिने पाणी दिलं, मी प्यायले, आणि तिने विचारायच्या आत सांगून टाकलं की गाव लागलं नाही. का लागलं नाही तेही सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. साहेबांना दिलेल्या शिव्या त्यात मोकळ्या मनाने घातल्या. बैठकीत मला कसं खाली बसवलं तेही सांगितलं, आणि ऑफिसात मला कोणी विचारतच नाही असंही म्हणून टाकलं. मला वाटलं, मावशी माझ्या बाजूने साहेबांना शिव्या देईल. आमच्या घरात त्या कामात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

ती डाळ निवडत राहिली.

"म्हंजे त्या नकाशात आमचं पाणी गोडं दिसते?"

"हो."

"हिरवं?"

"हो मावशे. पण ते खोटं आहे."

"खोटं काहून? तुमच्याच हापिसाचं आहे ना?" तिने सूप बाजूला ठेवलं. "सुनेले दाखव ना मंग थे. माया बोलन्यावर तिचा भरोसा नाई. शिकेल पोरगी आहे, नकाशा पाह्यला का मानन. एकडाव आली, पोरगी इथं रांगाले लागली, का मंग जात नाई ते."

मी म्हटलं, मी असं नाही करणार. लेकराच्या पोटात ते पाणी जाईल.

"माया लेकराच्या पोटात नाई गेलं?" मावशी म्हणाली. "तुया साहेबानं साऱ्या जगाले दाखोलं, अन् तुले एका पोरीले दाखोता येत नाई?"

तिने फोन घेतला, सुनेला लावला आणि माझ्या कानाशी धरला. तिकडून आधी बाळाचा आवाज आला, मग सुनेचा.

"ताई, तुमी तिथं आहा का? सासूबाई काल म्हनत होत्या, आता सारं होऊन राह्यलं. झालं का मंग पानी गोडं?"

"नाही," मी म्हटलं. "नाही झालं. आणि इतक्यात होणारही नाही."

मावशीने फोन माझ्या कानापासून ओढून घेतला आणि अंगणात गेली. पण तिचा आवाज लहान कधीच नव्हता. मला सगळं ऐकू आलं.

"तिचं काय आयकतं तू? तिले तिच्या हापिसातबी कोनी इचारत नाई. आताच सांगत होती मले. नकाशात आपलं पानी गोडं दिसते, साऱ्या पाहुन्यायनं पाह्यलं. तू ये."

साहेबांचा मला राग होता, आहे, आणि तो बाळगायला मजा येते. हे लिहितानाही येते आहे. मावशीचा राग आला तेव्हा मात्र मी तिच्या ओट्यावर बसून रडले, कारण माझ्या तोंडचंच वाक्य तिने वापरलं होतं आणि ते खरं होतं. ती परत आली, माझ्याकडे न बघता सूप ओढलं आणि म्हणाली, सून शनिवारी येते म्हणाली आहे.